पेरणीच्या आधीची तेहतीस लाख वर्षं

मातीवाचक | शनिवार, रात्री ९:१२

"शेतीचा शोध कोणी लावला?" असा प्रश्न माझ्या भाचीच्या चाचणीत आला होता. तिने "स्त्रियांनी" असं लिहिलं, गुण मिळाले, आणि मग ती मला विचारायला आली, "मावशी, त्याआधी कोणालाच माहीत नव्हतं का, की बी पडलं की रोप उगवतं?" दोन आठवडे झाले, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शेती हा शोध नव्हता. कुठला कंद कधी खणायचा, कुठलं फळ विषारी, कुठल्या गवताचा दाणा कोणत्या पंधरवड्यात भरतो, हे ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांना बी रुजतं एवढंच ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास बसत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. ठाऊक असूनही हजारो वर्षं त्यांनी पेरणीच्या भरवशावर पोट का ठेवलं नाही? आणि मग एकमेकांची गंधवार्ताही नसलेल्या मुलखांत, थोड्याफार फरकाने एकाच काळात, का ठेवलं?

त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

चिंपांझींची आणि आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटली. त्यानंतर आपल्या बाजूला जो पहिला मोठा बदल झाला तो डोक्यात नाही, पायांत झाला. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियात हडार इथे 'ल्युसी' सापडली. वय ३२ लाख वर्षं, सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग शाबूत. उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू आपल्या एकतृतीयांशाच्या आसपास. पण कंबरेचं आणि गुडघ्याचं हाड दोन पायांवर चालणाऱ्याचं. चार वर्षांनी मेरी लीकी यांच्या चमूला टांझानियात लेटोली इथे पावलांचे ठसे मिळाले. ज्वालामुखीची राख पडली, वरून पाऊस आला, त्या ओल्या राखेतून कोणीतरी चालत गेलं आणि राख दगडासारखी घट्ट झाली. ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वीची ती सत्तावीस मीटरची पायवाट आहे. अंगठा इतर बोटांना समांतर, टाच आधी टेकलेली. मोठ्या पावलांशेजारी लहान पावलं आहेत. त्या ठशांची छायाचित्रं मी कितीदा पाहिली असतील, दर वेळी तेवढाच वेळ थबकते.

हे पाय-आधी-मेंदू प्रकरण पचायला जगाला फार वेळ लागला. रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या बालकाची कवटी जाहीर केली. मेंदू लहान, पण पाठीचा कणा डोक्याला खालून जोडलेला, म्हणजे ताठ चालणारा जीव. तिला बरीच वर्षं कोणी फारशी किंमत दिली नाही. कारण इंग्लंडमध्ये १९१२ पासून 'पिल्टडाउन मानव' मिरवत होता, माणसाची मोठी कवटी आणि वानराचा जबडा. "आधी बुद्धी आली, बाकी सगळं मागून" हा समज त्याने सुखावत होता. १९५३ मध्ये ती लबाडी उघड झाली. कवटी माणसाची होती आणि जबडा ओरांगउटानचा, कानशी मारून जुळवलेला. आपल्याला जे ऐकायचं असतं त्याला पुरावा किती लवकर चिकटतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

दगडाची सगळ्यांत जुनी हत्यारं केनियात लोमेक्वी इथली आहेत, ३३ लाख वर्षांपूर्वीची. आपल्या 'होमो' कुळाची हाडं मिळतात त्याच्याही आधीची. धाग्याचं नाव तिथून घेतलं आहे. पुढे १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीपासून थेंबाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी घडवलेली हातकुऱ्हाड दिसू लागते. चेन्नईजवळच्या अत्तिरमपाक्कमला ती सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच पोचली होती. एकच घाट दहा लाख वर्षांहून जास्त टिकला. कोणी कोणाला शिकवल्याशिवाय हे शक्य नाही. हातकुऱ्हाड घडवायला बसलेल्या माणसाच्या शेजारी बघणारं एक पोर असणारच.

आता मोठी उडी मारते, कारण मला ज्या जागेबद्दल बोलायचं आहे ती २३,००० वर्षांपूर्वीची आहे. हिमयुग ऐन भरात होतं. इस्रायलमधल्या गॅलिलीच्या सरोवराकाठी काही लोक झुडपांच्या फांद्यांच्या झोपड्या बांधून राहत होते. झोपड्या जळाल्या, पाणी चढलं, सगळं गाळाखाली गेलं. १९८९ मध्ये सरोवराची पातळी खूप उतरली तेव्हा ते उघडं पडलं. त्या जागेचं नाव ओहालो-२. गाळात हवा पोचली नाही म्हणून दाणे, बिया, फळं टिकली. १४० हून जास्त प्रकारच्या वनस्पती ओळखता आल्या. त्यांत रानटी गहू, रानटी सातू, रानटी ओट. एका पाट्यासारख्या दगडावर दळलेल्या धान्याचा पिष्टांश. विळ्यात बसवलेली गारगोटीची पाती, त्यांवर गवत कापल्याची चकाकी. शिवाय, एरवी फक्त शेतात माजतं त्या जातीचं तणही. उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज असा, की इथे थोडंफार पेरूनही पाहिलं गेलं असावं.

म्हणजे कापणी, दळण, साठवण आणि बहुधा पेरणीसुद्धा, सगळं २३,००० वर्षांपूर्वी. आणि त्यानंतर अकरा हजार वर्षं शेती नाही!

पुढे जॉर्डनमध्ये शुबायका इथे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले, रानटी गव्हाच्या आणि लव्हाळ्याच्या कंदांच्या पिठाचे. शेतीच्या चार हजार वर्षं आधीची भाकरी. १९६० च्या दशकात जॅक हार्लन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानातल्या एका डोंगरउतारावर गारगोटीच्या विळ्याने रानटी गहू स्वतः कापून पाहिला. तासाला साधारण किलोभर साफ दाणे हाती लागले. त्याचा हिशेब असा, की एका कुटुंबाने तीन आठवडे मन लावून कापणी केली तर वर्षभर पुरून उरेल.

न पेरता वर्षाचं धान्य मिळत असेल तर नांगरट कोण करेल? मला वाटतं भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं तुमच्याशी बोलत शोधायचं आहे.

---

रानवाट | शनिवार, रात्री १०:०५

ताई, एका दमात वाचलं. एक विचारते. शाळेच्या भिंतीवर ते चित्र असतं ना, डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा ताठ, मग भाला घेतलेला, शेवटी आपण. मुलं हमखास विचारतात, "मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?" मी दहा वर्षं शिकवतेय आणि माझ्या उत्तराने माझंच समाधान होत नाही.

---

मातीवाचक | शनिवार, रात्री १०:४०

रानवाट, ते चित्र रांगेचं आहे, गोष्ट मात्र फांद्यांची आहे. चिंपांझी आपला आजा नाही, चुलतभाऊ आहे. आपल्या दोघांचा आजा आज जगात नाही. त्या फाट्यानंतर चिंपांझीही तेवढीच वर्षं बदलत आला आहे, त्याच्या रानाला साजेसा.

आणि फांद्या एका वेळी किती होत्या हे मुलांना सांगून बघा, चेहरे बदलतात. तीन लाख वर्षांपूर्वीचं जग घ्या. मोरोक्कोत जेबेल इऱ्हूदला आपल्यासारखा तोंडवळा असलेली माणसं होती. त्याच सुमाराला दक्षिण आफ्रिकेत लहान मेंदूची होमो नालेडी. युरोपात निअँडरथल. आशियात डेनिसोव्हा आणि अजून टिकून असलेले होमो इरेक्टस. नंतरच्या काळात फ्लोरेस बेटावर तीन-साडेतीन फुटांची होमो फ्लोरेसिएन्सिस होती आणि फिलिपिन्समध्ये होमो लुझोनेन्सिस. एकाच वेळी पृथ्वीवर माणसाच्या पाच-सहा जाती. आपण एकटेच उरलो ही अगदी अलीकडची, चाळीस-पन्नास हजार वर्षांतली अवस्था आहे.

आणि ती पूर्ण खरीही नाही. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत इंचभर हाडाचा तुकडा मिळाला. २०१८ मध्ये त्याचा डीएनए वाचला. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीची. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हा! आफ्रिकेबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक माणसात आजही साधारण दोन टक्के निअँडरथल डीएनए आहे. स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी. तुमच्या वर्गात बसलेल्या मुलांत त्या 'नष्ट झालेल्या' फांद्यांचा अंश आहे, हे त्यांना नक्की सांगा.

---

प्रश्नचिन्ह | रविवार, सकाळी ८:२०

लेख चांगला आहे, पण मला या आकड्यांचंच कोडं आहे. ३६ लाख ६० हजार? दगडावर तारीख लिहिलेली नसते. कार्बनने मोजतात म्हणतात, पण कार्बन इतका मागे जात नाही असंही वाचलंय. मग हे आकडे येतात कुठून? खोचकपणे विचारत नाही, खरंच समजून घ्यायचंय.

---

खडकसाक्षी | रविवार, सकाळी ९:५५

याचं उत्तर मी देतो, माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

तुमचं बरोबर आहे. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगा उरतच नाही. शुबायकाची भाकरी त्याने मोजता येते, लेटोली नाही.

लेटोलीला मोजली ती राख. ज्वालामुखीच्या खडकात पोटॅशियम असतं. त्यातला एक प्रकार अतिशय संथपणे आर्गॉन वायूत बदलतो, निम्मा व्हायला सव्वा अब्ज वर्षं लागतात. खडक वितळलेला असताना आधीचा आर्गॉन निघून जातो. राख थंड झाली की घड्याळ शून्यापासून सुरू. नंतर स्फटिकात किती आर्गॉन साठला ते मोजलं की राख कधी पडली ते कळतं. ठसे राखेतच असल्याने दोघांचं वय एकच. ल्युसीच्या बाबतीत हाड मोजलेलं नाही, ते ज्या थरांच्या मध्ये होतं त्या राखेच्या थरांवरून वय काढलं आहे. पूर्व आफ्रिकेत इतका खजिना मिळतो त्याचं एक कारण हे, की तिथे जमीन फाटत होती, ज्वालामुखी जागे होते, आणि थरावर थर राख पडत होती.

जेबेल इऱ्हूदला राख नव्हती. तिथे माणसांच्या शेकोटीत भाजलेली गारगोटी होती. दगड तापला की त्यात साठलेली किरणोत्सर्गाची ऊर्जा प्रकाशरूपाने निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून साठू लागते. प्रयोगशाळेत पुन्हा तापवला की जितका उजळतो त्यावरून शेवटची शेकोटी कधीची ते ठरतं. उत्तर आलं सुमारे ३ लाख १५ हजार. ज्यांनी शेकोटी पेटवली त्यांनी नकळत तारीख लिहून ठेवली म्हणा.

गुहाचित्रांची तऱ्हा आणखी निराळी. इंडोनेशियात सुलावेसीच्या गुहांत चित्रावर चुन्याचं पातळ कवच चढलेलं असतं. त्यातल्या युरेनियमवरून कवचाचं वय काढतात, चित्र त्याहून जुनंच असणार. २०२४ मध्ये जाहीर झालेलं तिथलं एक चित्र किमान ५१,२०० वर्षांचं आहे. रानडुक्कर आणि त्याच्याभोवती माणसासारख्या आकृती.

---

प्रश्नचिन्ह | रविवार, सकाळी १०:१०

आभारी आहे. शेकोटीचं घड्याळ पहिल्यांदाच कळलं.

---

अस्थिवेध | रविवार, दुपारी १:३०

मी डॉक्टर आहे, हाडं हा रोजचा विषय. त्यामुळे या धाग्यावर मला मेलेल्या माणसांच्या बाजूने काही सांगायचं आहे.

जॉर्जियात द्मानिसी इथे १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची एक कवटी आहे. एक वगळता सगळे दात मरणाच्या बऱ्याच आधी पडलेले. दात पडल्यावर त्याची खोबण हळूहळू भरून येते आणि हिरडीखालचं हाड झिजत जातं, ते इथे पूर्ण झिजून सपाट झालं आहे. म्हणजे हा माणूस दातांशिवाय काही वर्षं जगला. इराकमधल्या शानिदार गुहेतला एक निअँडरथल: डाव्या डोळ्याभोवतीचं हाड चेचलेलं, उजवा हात कोपराखाली नाही, पायही अधू, आणि तरी चाळिशीपर्यंत पोचलेला. आणि बोर्निओतल्या एका गुहेतली ३१,००० वर्षांपूर्वीची तरुण व्यक्ती. २०२२ मध्ये तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मी खरोखर उठून उभा राहिलो. डावा पाय नडगीपासून खाली कापलेला, लहानपणी. काप सरळ, हाडात जंतुसंसर्गाची खूण नाही, आणि त्यानंतर सहा ते नऊ वर्षं जगल्याचं हाडाच्या वाढीवरून स्पष्ट. रक्तवाहिन्या कुठे आहेत हे कोणाला तरी माहीत होतं. जखम धुतली गेली, बांधली गेली. एका पायाच्या मुलाला डोंगराळ प्रदेशात वर्षानुवर्षं उचलून नेलं गेलं.

रुग्णालयं, गावं, धान्याची कोठारं यांतलं काहीही नसताना.

आता शेतीनंतरची हाडं. सीरियात युफ्रेटिसकाठी अबू हुरेरा नावाचं गाव होतं. तिथल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या, आणि त्यांतही बायकांच्या, पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर आणि कंबरेच्या मणक्यांवर ताणाच्या खुणा. रोज तासन्‌तास गुडघे टेकून, बोटं मागे दुमडून, पुढे वाकून पाट्यावर धान्य रगडल्याशिवाय ही ठेवण होत नाही. चाचणीतलं "स्त्रियांनी" हे उत्तर मला इथे दिसतं, शोधाच्या श्रेयापेक्षा कष्टाच्या हिशेबात.

---

चकमक | रविवार, दुपारी २:४५

अस्थिवेध, प्रतिसाद मनाला भिडला, पण द्मानिसीबद्दल थोडं सावध राहावं असं मला वाटतं. दात नसतानाही हाडातला मगज, मेंदू, दगडाने ठेचलेलं मांस स्वतःचं स्वतः खाता येतं. दात गेलेले चिंपांझीही रानात काही काळ तग धरतात. त्यावरून "टोळीने भरवलं" म्हणणं मला पुराव्यापुढे जाणं वाटतं. वर पिल्टडाउनचा धडा आलाच आहे. ऐकायला गोड वाटणाऱ्या गोष्टीसाठीही तो लागू पडतो.

---

अस्थिवेध | रविवार, दुपारी ३:१०

मान्य. द्मानिसीतून एवढंच ठाम म्हणता येतं, की तो जगला. शानिदारबाबत मला शंका कमी आहे आणि बोर्निओबाबत नाही. कापलेला पाय स्वतःचा स्वतः बरा होत नाही.

---

मुक्तवारा | रविवार, सायंकाळी ६:००

मग सरळच म्हणा ना, शेती ही माणसाने केलेली सगळ्यांत मोठी चूक. काम वाढलं, उंची घटली, दात किडले, रोग आले, मालकी आली. शिकारी-संग्राहक निरोगी आणि मोकळे होते.

---

मातीवाचक | रविवार, रात्री ८:३०

मुक्तवारा, तुमची यादी बरीचशी खरी आहे. बऱ्याच ठिकाणी पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांत उंची कमी आणि कुपोषणाच्या खुणा जास्त दिसतात. पण 'चूक' म्हणायला कोणीतरी निवड केलेली असावी लागते, आणि इथे कोणा एका पिढीने अशी निवड केलीच नाही असं मला वाटतं.

आधी हवामान बघा. ग्रीनलंडच्या बर्फातून काढलेल्या गाभ्यांत हिमयुगाची नोंद आहे, आणि ती भयंकर आहे. काही दशकांत तिथलं तापमान आठ-दहा अंशांनी वर, पुन्हा खाली. आजोबांनी ज्या उतारावर धान्य कापलं तिथे नातवाला काही उगवेलच याची खात्री नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइडही आजच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे गवतं खुरटी. ओहालोच्या लोकांनी पेरून पाहिलं असेलही, पण त्यावर पोट टाकणं म्हणजे जुगार होता. मग उबदार काळ आला, माणसं एका जागी राहू लागली. पश्चिम आशियातल्या नाटुफी संस्कृतीची दगडी पायाची घरं याच काळातली, शेतीच्या *आधीची*. पुढे १२,९०० वर्षांपूर्वी थंडीचा शेवटचा तडाखा बसला आणि ११,७०० वर्षांपूर्वी तो संपला. त्यानंतर हवामान जे थाऱ्यावर आलं ते आजतागायत.

आणि मग जगभर जागोजाग सुरुवात झाली. पश्चिम आशियात गहू, सातू, मसूर. चीनमध्ये उत्तरेला राळा, यांगत्सेच्या खोऱ्यात भात. न्यू गिनीच्या डोंगरांत अळू आणि केळी. मेक्सिकोत टिओसिंटे नावाच्या गवतापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मका. त्या गवताच्या कणसात पाच ते बारा दाणे असतात, तेही दगडासारख्या कवचात. कोणी कोणाकडून शिकलं असण्याची शक्यता नाही. ज्ञान सगळ्यांकडेच होतं, थाऱ्यावर आलेलं आभाळ नव्हतं.

मागे फिरता का आलं नाही, तर मुलांमुळे. सतत फिरणाऱ्या आईला एका वेळी एकच मूल कडेवर घेता येतं. कालाहारीतल्या सान लोकांत दोन बाळंतपणांत साधारण चार वर्षांचं अंतर आढळलं होतं. एका जागी राहिलं, लापशीसारखं मऊ अन्न मिळालं, की बाळ लवकर अंगावरून सुटतं आणि अंतर कमी होतं. मुलं जास्त दगावत असतील, तरी जन्मणारी त्याहून जास्त. दोन-चार पिढ्यांत गावात इतकी तोंडं झाली, की रानातल्या धान्यावर ती भागणार नाहीत. तेव्हा परतीची वाट बंद झालेली असते, आणि ती कधी बंद झाली हे कोणाच्याच ध्यानात आलेलं नसतं.

---

अस्थिवेध | रविवार, रात्री ९:०५

दातांबद्दल एक पुरवणी. कीड ही शेतीचीच देणगी असं सरसकट म्हणता येत नाही. मोरोक्कोत ताफोराल्ट गुहेत १५,००० ते १३,७०० वर्षांपूर्वीचे लोक शिकारी-संग्राहकच होते, तरी मोठ्यांच्या निम्म्याहून जास्त दातांना कीड. कारण ओकच्या गोड, पिठूळ बिया, भरपूर साठवून खाल्लेल्या. पिष्ट चिकटलं की दात किडणार, ते पेरलेलं असो वा वेचलेलं. आणि बलुचिस्तानात मेहरगढला ९,००० वर्षांपूर्वीपासूनच्या दफनांत नऊ जणांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं आहेत, जिवंतपणी पाडलेली. भोकांच्या कडा पुढच्या चावण्याने गुळगुळीत झाल्या आहेत.

---

रानवाट | रविवार, रात्री ९:३०

गोबेकली टेपे कोणी काढलंच नाही! तुर्कस्तानातले साडेपाच मीटरपर्यंतचे दगडी खांब, कोल्हे, विंचू, गिधाडं कोरलेले, साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे. आणि उभारणारे शेतकरी नव्हते. "आधी शेती, मग फुरसत, मग देऊळ" हा क्रम मीही वर्गात शिकवला आहे. उद्यापासून नाही.

---

मातीवाचक | रविवार, रात्री ९:५०

बरोबर आठवण केलीत. फक्त 'देऊळ' हा शब्द जरा जपून वापरूया. तिथे दळायचे दगड हजारोंनी मिळाले आहेत आणि राहत्या घरांसारखी बांधकामंही. पण मुद्दा तोच: रानटी धान्य दळून इतक्या माणसांना जेवू घालता येत होतं.

---

सुगी | सोमवार, सकाळी ६:१५

मी शेती करते. रोज वाचनच करते इथे, लिहीत नाही, पण एक गोष्ट मला कळली नाही. रानटी गहू आणि आपला गहू यांत नेमका फरक काय? आणि तो फरक पडायला किती काळ लागला? जे चांगलं कणीस दिसेल ते बियाण्याला ठेवायचं, एवढं तर कोणीही करेल. दहा-वीस वर्षांत व्हायला हवं.

---

मातीवाचक | सोमवार, सकाळी ७:४०

सुगीताई, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला.

मुख्य फरक दाणा गळण्याचा. रानटी गव्हाची ओंबी पिकली की तिचा कणा पेरापेरात मोडतो आणि दाणे आपोआप जमिनीवर झडतात. गवताला तेच हवं असतं. क्वचित एखाद्या रोपात बिघाड होतो आणि कणा मोडत नाही. रानात ते रोप वाया जातं, पण विळा घेऊन आलेल्या माणसाच्या हाती नेमकी तीच ओंबी पूर्ण भरलेली लागते. तीच पुढच्या वर्षी पेरली, की न झडणारी रोपं वाढत जातात. आपला गहू म्हणजे हा बिघाड. माणसाने मळल्याशिवाय तो स्वतःचं बी टाकू शकत नाही.

१९९० मध्ये दोन संशोधकांनी प्रयोग आणि गणित करून सांगितलं, की हा बदल २० ते २०० वर्षांत होऊ शकतो. तुमचा अंदाज म्हणजे अगदी तोच! पण प्रत्यक्ष जळक्या दाण्यांचे देठ तपासले तर पश्चिम आशियात याला दोन-तीन हजार वर्षं लागलेली दिसतात. भाताचंही तसंच. चीनमध्ये तियानलुओशान इथे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या थरांत न झडणाऱ्या भाताचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ वर गेलं, तीनशे वर्षांत फक्त एवढंच. का, यावर अजून वाद चालू आहे.

---

सुगी | सोमवार, रात्री ८:५०

दिवसभर हाच विचार चालू होता. तीळ अजूनही असाच आहे. पूर्ण वाळू दिला तर बोंडं तडकतात आणि सगळा तीळ मातीत. म्हणून आम्ही तो हिरवट असतानाच कापतो, पेंढ्या उभ्या करून वाळवतो आणि मग उलटा करून झटकतो. त्या माणसांनीही दाणा झडतोय म्हटल्यावर पिकायची वाट कशाला बघितली असेल? थोडा हिरवाच कापला असेल. आणि हिरवा कापला, तर झडणाऱ्या आणि न झडणाऱ्या दोन्ही ओंब्या सारख्याच हातात येणार. मग निवड होणार कशी?

---

मातीवाचक | सोमवार, रात्री ९:२५

सुगीताई, हेच. या संथपणाची जी कारणं संशोधक पुढे करतात त्यांतलं एक मुख्य कारण तुम्ही तिळावरून गाठलंत. हिरवी कापणी केली तर न झडणाऱ्या ओंबीला काहीच जास्तीचा फायदा मिळत नाही.

त्याला जोडून दुसरं. कापताना थोडे दाणे झडतातच. पुढच्या वर्षी त्याच जागेवर पेरलं, तर ते झडलेले दाणेही उगवणार, आणि ते सगळे झडणाऱ्या जातीचे. घरच्या बियाण्यात जरा वाढलेलं न झडणाऱ्यांचं प्रमाण तिथे पुन्हा खाली येणार. ते टिकायला कोरी जमीन लागते, जिथे आधी हा गहू उगवलेलाच नाही आणि जे काही पेरायचं ते घरून न्यायचं आहे. तियानलुओशानच्या त्या तीनशे वर्षांत, म्हणजे दहा-बारा पिढ्यांत, शंभरात बाराच दाणे बदलले. त्या पिढ्यांतल्या कोणालाच आजीच्या भातात आणि आपल्या भातात फरक दिसला नसणार.

भाचीला उद्या हे तिळाचं उदाहरणच सांगते. तुमच्याकडे तीळ कापणीला आला की एक पिकलेलं बोंड तडकतानाचं छायाचित्र इथे लावाल का?